तक्त्यात शुद्ध नी राहिलाच की हो

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागं कीबोर्ड शिकणाऱ्या पोरांसाठी एक चौकट छापून आली होती, "मायनर स्केलच्या सात कॉर्ड्स" अशी. ए मायनर, बी डिमिनिश्ड, सी मेजर, डी मायनर, ई मायनर, एफ मेजर, जी मेजर. छपाई चांगली होती, रंगही झकास, आणि ज्यांनी कुणी तक्ता केला त्यांनी या सातमध्ये एकही चूक केलेली नाही हे आधी सांगतो. भांडण आहे ते चौकटीच्या खालच्या ओळीशी. तिथं लिहिलं होतं की मायनर स्केलमध्ये एवढ्याच कॉर्ड्स बसतात, बाकीच्या वाजवल्या तर बेसूर होतं. ही ओळ वाचून मी दोन दिवस गप्प बसलो, म्हटलं जाऊ दे, पेपरात रोज किती काय काय येतं. पण ते कात्रण आता विश्रामबागेतल्या निम्म्या क्लासच्या वह्यांमध्ये चिकटवलेलं दिसायला लागलंय, म्हणून लिहितोय.

मी स्वतः ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, गणपतीत आणि जत्रांच्या सीझनला आमचं बरं चालतं, उरलेल्या दिवसांत घरी शिकवतो. परवा एका नववीतल्या पोरीला ए मायनरमधलं एक साधं भावगीत बसवून देत होतो, शेवटच्या ओळीला ई मेजर घे म्हटलं तर तिनं हात उचलून घेतला. म्हणाली सर, ही चार्टमध्ये नाही. वही काढून दाखवली पण. आता तिचं काय चुकलं? चार्टमध्ये ई मायनर आहे, ई मेजर नाहीच. पण तिलाच दोन्ही वाजवून दाखवलं आणि विचारलं कुठली बरी वाटते, तर लगेच ई मेजर म्हणाली. कानाला जे कळलं ते चार्टनं नाकारलं, असा प्रकार.

तर मुद्द्यावर येतो. ज्यांना कॉर्ड हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं मागून सुरू करतो, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. पांढऱ्या पट्ट्या सी पासून एक, दोन अशा मोजायच्या आणि काळ्या वेगळ्या मोजायच्या. पांढरी सहाला सा धरा, म्हणजे इंग्रजीत ए. कॉर्ड म्हणजे एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्याच्या पुढचा घ्यायचा, परत एक सोडायचा, की झाले तीन सूर. सा, ग, प. किंवा रे, म, ध. एवढंच. मग ती मेजर का मायनर हे ठरतं मधल्या अंतरावरून. पट्ट्या मोजा, काळ्या धरून. पहिलं अंतर चार पट्ट्यांचं आणि दुसरं तीनचं असेल तर मेजर, आधी तीन मग चार असेल तर मायनर, तीन-तीन असेल तर डिमिनिश्ड, चार-चार असेल तर ऑगमेंटेड. चारच प्रकार. म्हणजे स्केलमधला (स्केल म्हणजे गाण्यासाठी धरलेले सात सूर) एक सूर जरी अर्ध्यानं सरकला तरी तो ज्या ज्या कॉर्डमध्ये बसलाय त्या सगळ्या बदलतात, आणि तीन सुरांच्या हिशोबात प्रत्येक सूर बरोबर तीन कॉर्ड्समध्ये असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्या तक्त्यातला मायनर हा नॅचरल मायनर आहे. सा, शुद्ध रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नी (कोमल म्हणजे शुद्धापेक्षा अर्ध्या सुरानं, एका पट्टीनं, उतरलेला). म्हणजे आपला आसावरी थाट, थाट म्हणजे सात सुरांचा ठरलेला साचा. पांढरी सहापासून सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या, काळीला हातच लावायचा नाही, म्हणून शिकवायला सोपा, म्हणून सगळ्या पुस्तकांत हाच पहिला. आता गंमत बघा, पांढरी एकपासून सगळ्या पांढऱ्या घेतल्या तर ते सी मेजर, म्हणजे बिलावल. तेच सात सूर, त्याच सात कॉर्ड्स. आपण छापलेला तक्ता सी मेजरच्या तक्त्याशेजारी ठेवून बघा, फक्त सुरुवात वेगळी, बाकी माल तोच. मग कानाला कळणार कसं की घर पांढरी सहा आहे, पांढरी एक नाही? इथंच सगळी मेख आहे. जी मेजर वाजवली की ती ओढते सी मेजरकडं, कारण जीमध्ये जो पांढरी सात आहे तो पांढरी एकच्या एकदम खेटून आहे, अर्ध्या सुराच्या अंतरावर, त्याला तिकडंच जायचंय. आणि ए कडं ओढणारं असं काहीच त्या तक्त्यात नाही. ई मायनरमध्ये कोमल नी आहे, तो सा पासून पूर्ण एक सूर लांब, त्याला काही घाई नाही. अंकली फाट्यावर पाटी नसेल तर नवखा माणूस मिरजेला जायचा तो जयसिंगपूरला पोचेल, तशी गत होते गाण्याची. पाटी म्हणजे शुद्ध नी. काळी चार. तो एक सूर वर सरकवला की प-नी-रे ही कॉर्ड मायनरची मेजर होते, म्हणजे ई मायनरची ई मेजर, पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात, आणि मग सा कडं परत जाताना नी अर्ध्या सुरानं वर चढतो, रे अर्ध्या सुरानं वर जाऊन कोमल ग वर बसतो, प जागचा हलत नाही. दोन सूर सरकतात, एक थांबतो, आणि गाणं घरी. पांढरी दोन जोडून ई सेव्हन्थ केलीत तर आणखी पक्कं, कारण म आणि शुद्ध नी यांच्यात सहा पट्ट्यांचं अंतर पडतं, ते कानाला टोचतं आणि सुटायला बघतं.

युरोपात ही काही कुणी नियम करून आणलेली गोष्ट नाही, शेकडो वर्षांपूर्वी तिथले गायक कागदावर लिहिलेलं नसताना सुद्धा शेवटच्या समेसारख्या जागेला तो सूर चढवून म्हणायचे, गाताना आपोआपच तसं होतं, पुस्तकवाल्यांनी मग त्याला नाव दिलं, हार्मोनिक मायनर. नावातच हार्मनी आहे, म्हणजे मुख्यतः कॉर्डसाठी काढलेलं स्केल. आणि आपण कॉर्डचाच तक्ता छापला आणि तेच स्केल वगळलं, काय म्हणावं!

आता कुणीतरी म्हणेल, आणि म्हणतातच, की हे सगळं साहेबाचं, आमच्या मातीत याचं काय काम, सांगली-मिरज म्हणजे तंतुवाद्यांचा मुलुख, अब्दुल करीम खाँसाहेबांची मिरज, विष्णु दिगंबर जिथं बाळकृष्णबुवांकडं शिकले ती मिरज, इथं कॉर्ड कशाला. मला हे बोलणं ऐकून ऐकून पाठ झालंय. तर मिरजेचाच तंबोरा घेऊ या. 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आपणच पहिल्या पानावर फोटो छापला असेल. चांगला जवारी काढलेला (घोडी घासून तार झणकारती केलेला) तंबोरा शांतपणे छेडत बसा, पंचमाला, म्हणजे प ला, लावलेला. सा च्या तारेतून थोड्या वेळानं शुद्ध गंधार, म्हणजे शुद्ध ग, ऐकू यायला लागतो, हे प्रत्येक गाणाऱ्याला माहीतय, कुणी तो वाजवत नाही, तारेच्या आतच तो असतो, मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा. आता तोच हिशोब पंचमाच्या तारेला लावा. पंचमाच्या पाचपट म्हणजे कुठला सूर येतो? शुद्ध नी. आणि तिप्पट म्हणजे रे. म्हणजे पंचमाची एकटी तार छेडली तरी तिच्या पोटात प, शुद्ध नी, रे हे तिन्ही सूर बारीक आवाजात वाजतच असतात, हीच ती ई मेजर, जी त्या पोरीला चार्टमध्ये सापडली नाही. मिरजेत तंबोरे करणारे कारागीर हे कधीच कॉर्ड म्हणून शिकलेले नाहीत पण त्यांच्या हातातून ती कॉर्ड रोज तयार होऊन बाहेर पडते.

आणि याच हिशोबानं मायनर सा-कॉर्ड थोडी अस्वस्थ का वाटते तेही कळतं. सा च्या पोटात शुद्ध ग आहे आणि आपण वरून कोमल ग दाबतो, दोघं अर्ध्या सुरानं शेजारी-शेजारी. मेजर कॉर्डच्या सुरांच्या कंपनांचं प्रमाण 4:5:6 असं सरळ बसतं, मायनरचं 10:12:15. जुन्या युरोपातले लोक तर मायनरमधलं गाणं संपवताना शेवटची कॉर्ड मुद्दाम मेजर करून टाकायचे, सा च्या वर शुद्ध ग. आजही चर्चच्या वाजवण्यात ऐकायला मिळतं. (आमच्या ऑर्केस्ट्रात मी एकदा हे करून बघितलं तर गायकानं माझ्याकडं जे बघितलं ते बघितलं, परत नाही केलं.) पेटीवाले म्हणतील की तुमचा कीबोर्ड तसाही टेम्पर्ड, सगळ्या पट्ट्यांत सारखं अंतर पाडलेला, त्याला खरा गंधार कुठं येतो, तर खरंय, सप्तकाचे 1200 भाग धरले तर तंबोऱ्यातला शुद्ध ग साधारण 386 वर येतो आणि कीबोर्डचा 400 वर, खरा कोमल ग 316 वर आणि कीबोर्डचा 300 वर. म्हणजे कीबोर्डचा मायनर जरा जास्तच उतरलेला. पण तो वेगळा वाद आहे, त्यात शिरलो तर पत्र संपायचं नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मायनर म्हणजे एक स्केल नाहीच. सा, रे, कोमल ग, म, प एवढं पक्कं, हा पाया हलत नाही. हलतात ते फक्त ध आणि नी. दोघंही कोमल, किंवा ध कोमल नी शुद्ध, किंवा ध शुद्ध नी कोमल, किंवा दोघंही शुद्ध. चारच शक्यता, पाचवी नाही. आणि बघा, कर्नाटक पद्धतीत 72 मेळकर्ते, म्हणजे त्यांचे थाटच, आहेत, त्यातले 20, 21, 22, 23 हे चार ओळीनं म्हणजे नटभैरवी, कीरवाणी, खरहरप्रिया आणि गौरीमनोहरी, हे बरोबर याच चार शक्यता आहेत, याच क्रमानं. दक्षिणेकडच्या लोकांनी शेजारी-शेजारी घरं बांधून ठेवलीत. आपल्याकडं भातखंड्यांनी दहा थाट घेतले त्यात यातले दोनच आले, आसावरी आणि काफी, म्हणजे दोन्ही कोमल नी वाले. कोमल ग, शुद्ध म आणि वर शुद्ध नी असा थाट दहात नाहीच. म्हणून हिंदुस्थानी शिकून कीबोर्डकडं आलेल्या पोराला हार्मोनिक मायनर परका वाटतो, आणि म्हणूनच किरवाणी हा राग आपल्याकडं दक्षिणेतून आला म्हणतात आणि तो कुठल्या थाटात घालायचा यावर लोक डोकं खाजवतात. पटदीप राग काफी थाटात घालतात पण त्यात नी शुद्ध आहे! कोमल ग, शुद्ध ध, शुद्ध नी. म्हणजे सूर बघितले तर तो चौथ्या घरातला.

पाश्चात्त्य पुस्तकात त्या चौथ्या घराला मेलॉडिक मायनर म्हणतात, आणि ते येतं कुठून तर हार्मोनिकमध्ये कोमल ध आणि शुद्ध नी यांच्यात तीन पट्ट्यांची उडी पडते, ती गाताना अवघड म्हणून वर चढताना ध पण चढवला, उतरताना दोन्ही परत कोमल. आपल्याला ती उडी अवघड बिवघड वाटत नाही, आपण भैरवात कोमल रे वरून शुद्ध ग वर तशीच उडी रोज मारतो. आणि पटदीप उतरताना सुद्धा शुद्धच राहतो, कोमल होत नाही. त्यामुळं पुस्तकातला "चढताना असं, उतरताना तसं" हा नियम आपल्या गाण्यांवर डोळे झाकून लावू नका, एवढंच सांगून मेलॉडिक सोडतो.

कॉर्ड्सचं काय होतं? वर सांगितलं होतं की प्रत्येक सूर तीन कॉर्ड्समध्ये असतो. नी चढवला की त्या तिन्ही बदलतात. ई मायनरची ई मेजर झाली ती बघितली. जी मेजर जाते आणि तिच्या जागी काळी चारवर डिमिनिश्ड येते, नी-रे-म. आणि सी मेजर होते ऑगमेंटेड, पांढरी एक, पांढरी तीन, काळी चार, ही जरा विचित्रच वाजते, नुसती वाजवली तर भुताच्या पिक्चरसारखी, पण सा-कॉर्ड आणि कोमल ग च्या कॉर्डच्या मध्ये घाईत येऊन गेली तर छान लागते. ध पण चढवला तर आणखी तीन बदलतात, बी डिमिनिश्डची बी मायनर, डी मायनरची डी मेजर, आणि एफ जाऊन काळी तीनवर डिमिनिश्ड. सगळ्या मिळून मोजल्या तर तीन-तीन सुरांच्या वेगवेगळ्या 13 कॉर्ड्स होतात, सात नव्हे. आणि सगळ्या त्याच मायनरच्या, बेसूर कुणीच नाही.

त्यातल्या काळी चारवरच्या डिमिनिश्डला चौथा सूर जोडा, कोमल ध, म्हणजे पांढरी चार. काळी चार, पांढरी सात, पांढरी दोन, पांढरी चार. प्रत्येकात तीन-तीन पट्ट्या, शेवटापासून परत पहिल्यापर्यंत सुद्धा तीनच. हिला डिमिनिश्ड सेव्हन्थ म्हणतात आणि ही ऑर्केस्ट्रावाल्याची एकदम जिवाभावाची कॉर्ड. हिला डोकं नाही आणि शेपूट नाही, कुठूनही धरा तीच, म्हणून बारा पट्ट्यांवर अशा फक्त तीनच कॉर्ड्स होतात, चौथी करायला गेलात की पहिलीच परत येते. आणि हिच्यातल्या कुठल्याही सुराला शुद्ध नी मानलं की तुम्ही त्याच्या वरच्या पट्टीच्या मायनरमध्ये उतरू शकता. गायक अंतरा संपवून अचानक म्हणतो "जरा वर घे" तेव्हा आम्ही हिच्याच जिवावर निभावतो. आपला तक्ता पाठ केलेल्या पोराला ही कॉर्ड दिसणारच नाही, कारण नॅचरलच्या सात सुरांत ती तयारच होत नाही.

पण, आणि हे पण मोठं आहे, याचा अर्थ जिथं तिथं ई मेजर ठोकायची असा घेऊ नका, तसं करणारेही लई आहेत आणि ते तर तक्त्यापेक्षा वाईट. चाल काय म्हणतेय ते बघायचं. चालीत कोमल नी लागतोय आणि खाली तुम्ही शुद्ध नी वाली कॉर्ड दाबून धरलीत तर दोन्ही नी एकमेकांच्या उरावर बसतात. आसावरी, दरबारीच्या अंगाची चाल असेल तर तिथं कोमल नी ची मेजर, म्हणजे जी, आणि तिच्यावरून परत ए मायनर, हेच बरं. इथं आपला तक्ता एकदम बरोबर. त्यातही दरबारीचा गंधार झुलता असतो, तो एका जागी उभाच राहत नाही, त्याच्याखाली कोमल ग वाली कॉर्ड घट्ट धरून ठेवली की झोका थांबवल्यासारखं होतं, मी तिथं ग काढूनच टाकतो, नुसता सा आणि प. काफीच्या अंगाची चाल असेल तर ध शुद्ध, म्हणजे म ची कॉर्ड मेजर, पांढरी दोन, काळी तीन, पांढरी सहा. कितीतरी लोकगीतं अशी आहेत, आणि तिथं लोक सवयीनं डी मायनर मारतात, चाल एकीकडं आणि हात दुसरीकडं. किरवाणीत मात्र ई सेव्हन्थ बिनधास्त.

मालकंसात पंचमच नाही, आणि निम्मे कीबोर्डवाले त्यात बिनदिक्कत ए मायनर दाबतात ज्यात पंचम आहे. तंबोरासुद्धा तिथं मध्यमाला लावतात हे तरी बघावं की नाही? मालकंसाच्या पाच सुरांत मेजर-मायनर अशा दोनच कॉर्ड्स नीट बसतात, म-ध-सा आणि ध-सा-ग, म्हणजे डी मायनर आणि एफ मेजर. दोनच आहेत, पण त्या दोनवर मालकंसातली चाल चांगली चालते, वाजवून बघा.

आणि भैरवी. कार्यक्रम भैरवीनं संपवायचा आपला रिवाज, म्हणजे प्रत्येक कीबोर्डवाल्याला ही लागतेच आणि बहुतेक जण इथंच आपटतात. भैरवी थाटात रे सुद्धा कोमल. मग पंचमावरची कॉर्ड काय होते? प, कोमल नी, कोमल रे. तीन पट्ट्या, तीन पट्ट्या. डिमिनिश्ड! म्हणजे ज्या पंचमाच्या कॉर्डवर सगळं मायनर उभं आहे तिलाच इथं पाय नाहीत. तिथं ई मेजर वाजवलीत तर तिच्यात शुद्ध नी पण आहे आणि शुद्ध रे पण, दोन्ही चालीच्या विरोधात. मग घरी यायचं कसं? कोमल रे वरून. काळी पाचवर मेजर कॉर्ड, काळी पाच, पांढरी दोन, पांढरी चार, आणि तिथून सरळ खाली ए मायनर. कोमल रे सा वर उतरतो, कोमल ध प वर उतरतो, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या सुरानं, एकदम हळुवार. शुद्ध नी खालून ढकलत होता, इथं कोमल रे वरून खाली ओढतो, एवढाच फरक. कोमल नी वरची मायनर, म्हणजे जी मायनर, तीही चालते. अर्थात मुरलेला गायक भैरवीत बारा सूर लावतो, मग तुमचा कुठलाच तक्ता कामाचा नाही, तेव्हा कॉर्ड सोडून नुसता सा धरावा आणि ऐकत राहावं, हा माझा अनुभव.

तक्त्याच्या कडेला आणखी एक छोटी ओळ होती, "मेजर आनंदी, मायनर दुःखी". यावर जास्त लिहीत नाही. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजोवर ज्या चालींना सगळी आळी नाचते त्यातल्या किती कोमल ग च्या आहेत ते यंदा जरा कान देऊन ऐका.

पोरांच्या बाबतीत एक अडचण अशी की आताच्या कीबोर्डला सिंगल फिंगर मोड असतो, एक पट्टी दाबली की मेजर, बाजूची अजून एखादी दाबली की मायनर, आतले सूर मशीन लावतं. आईबाप खूश, पोरगं महिन्याभरात वाजवायला लागलं. पण त्यात नी कुठं आहे आणि कुठं सरकला हे बोटाला कधी कळतच नाही. त्यात भर म्हणून कात्रण. मोबाइलवरची ॲप्सपण बहुतेक नॅचरल मायनरचीच यादी आधी दाखवतात, तेव्हा एकट्या आपल्या पेपरला बोल लावत नाही. फरक एवढाच की ॲपवर कुणी विश्वास ठेवत नाही आणि पेपरात छापून आलं की आजोबासुद्धा नातवाला म्हणतात बघ रे, सर चुकीचं शिकवतायत. (हो, असा फोन आला होता. आजोबा स्वतः भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना म्हटलं आजोबा, तुमच्या पेटीवर पांढरी सहाला सा धरून कोमल ग ठेवा आणि सा, कोमल नी, सा असं म्हणा, मग सा, शुद्ध नी, सा म्हणा, आणि मला सांगा थांबल्यासारखं कशात वाटतं. फोनवरच पेटी काढली त्यांनी. नंतर नातवाला पाठवून दिलं क्लासला.)

तर विनंती अशी. तक्ता परत छापणार असाल, आणि छापावा, कारण पोरं वाचतात ही चांगलीच गोष्ट आहे, तर सात कॉर्ड्सची एक ओळ नको. वर सा रे कोमल ग म प लिहा, त्याखाली ध-नी च्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीसमोर फक्त त्या कॉर्ड्स ज्या बदलतात. जागा फार लागत नाही, माझ्या वहीच्या अर्ध्या पानात बसतो, हवा असेल तर पाठवतो, फुकट. इंग्रजी नावांबरोबर पट्टीचं नाव द्या, पांढरी तीन, काळी चार असं, म्हणजे पेटीवाल्यांनाही कळेल, आपल्याकडं कीबोर्डपेक्षा पेट्या जास्त आहेत. "बेसूर होतं" ती ओळ तेवढी काढा. भैरवीची वेगळी चौकट करा, कोमल रे वाली, कारण ती कुठल्याच पुस्तकात पोरांना सापडत नाही.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचंच असेल तर मेलॉडिकचा परिच्छेद कापा, तंबोऱ्याचा आणि भैरवीचा कापू नका. आणि स्वरांखाली कोमलची आडवी रेघ छपाईत हमखास गळते, मागं एका बंदिशीचं नोटेशन आलं होतं त्यात सगळी तोडी कल्याण होऊन बसली होती, म्हणून मी इथं सगळीकडं "कोमल" असं अक्षरात लिहिलंय, ते तसंच राहू द्या.

आपला नेहमीचा वाचक,
एक कीबोर्डवाला, विश्रामबाग, सांगली